दुबई की सिंगापूर? आईच्या झोपेच्या वेळेवरून

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या हातात गेल्या महिन्यात एकदम दोन ऑफर आल्या, एक दुबईची, एक सिंगापूरची. पगार, घरभाडं, विमा असं सगळं त्याने एक्सेलमध्ये मांडलं होतं. ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारताना त्याने ते मला मोबाइलवर दाखवलं आणि विचारलं, "काका, तुम्ही दोन्हीकडे राहिलात. काय करू?"

मी २०१६ ते २०१९ दुबईत आणि तिथून पुढे २०२३ पर्यंत सिंगापुरात होतो. माझं मत कुठे झुकतं ते मला ठाऊक होतं, पण एकदम सांगितलं नाही. त्याच्या एक्सेलमध्ये ज्याला रकानाच नव्हता, तिथूनच माझा निर्णय झाला होता.

पैशाचं आधी उरकून टाकतो. दुबईत पगारावर आयकर नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. सिंगापुरात कर आहे, आपल्या मानाने हलका. मात्र नोकरीच्या पासवर आलेल्या परदेशी माणसाला तिथला सीपीएफ, म्हणजे त्यांचा पीएफ, लागू होत नाही. शिल्लक माझी तरी दुबईतच जास्त पडली. निव्वळ घराच्या हप्त्यासाठी जाणार असाल तर पुढचं वाचू नका, दुबईला जा.

आता मौजेचं. दुबईचा हिवाळा, नोव्हेंबर ते मार्च, ही खरोखर चैन आहे. संध्याकाळी बर दुबईहून एक दिरहम देऊन अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत, बसायचं, खाडी ओलांडायची, पलीकडे कडक चहा प्यायचा आणि त्याच होडीने परत यायचं. करामा नावाच्या वस्तीत गेलं की परदेशात आहोत असं वाटतच नाही, इतकी आपली माणसं. जून ते सप्टेंबर मात्र माणूस एका एसीतून दुसऱ्या एसीत जगतो. उन्हात काम करणाऱ्यांना तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची सुट्टी असते, यावरून काय ते समजा.

सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं, त्यामुळे बारा महिने घाम. आपल्याला त्याची सवय असते. पण पाऊस पडून गेल्यावर रात्री अकरा वाजता झाडांखालून एकटं चालत सुटावं, मन भरेपर्यंत, आणि बायकोनेही तसंच एकटीने फिरावं, हे सुख मला दुसरीकडे मिळालं नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्या एका छपराखाली असतात तिथे, जेवायला गेलं की टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मी पहिल्याच दिवशी पक्का सिंगापूरकर झालो.

तर मग अडलं कुठे? फोनवर.

दुबईबद्दल प्रत्येक जण पहिलं वाक्य म्हणतो, "जवळ आहे हो." आहेच. विमानाने तीन-सव्वातीन तास. पावसाळ्यात ठाण्याहून पुण्याला कधी कधी याहून जास्त लागतात. पण घरी मी वर्षातून दोनदा यायचो आणि आईशी बोलायचं असायचं रोज.

आई नौपाड्यात एकटी. आठला जेवते, साडेनऊला दिवा मालवते, पहाटे पाचला उठते. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. भाडं परवडावं म्हणून मी शेजारच्या शारजात राहायचो आणि नोकरी दुबईत, म्हणजे संध्याकाळी इत्तिहाद रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडची आठवण काढत बसायचं. आठला दाराला किल्ली लावायचो तेव्हा ठाण्यात साडेनऊ झालेले असायचे. सकाळी करावा, तर साडेसहाला मी घराबाहेर आणि तिकडे आठ. पाणी, कामवाली आणि देवपूजा एकाच वेळी. त्यातून तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी बहीण मुलांना घेऊन आईकडे यायची, सगळे जमायचे, आणि मी ऑफिसात मीटिंगमध्ये. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी झाली आहे, ही तक्रार आता बाद समजा.

त्यावर कळस म्हणजे व्हॉट्सॲपवरचा कॉल लागायचा नाही. मेसेज जायचा, फोटो जायचा, कॉल नाही. इंटरनेटवरून बोलायचं तर परवानगी मिळालेली ॲपच वापरायची, असा तिथला नियम. मग माझं महिन्याचं वेगळं पॅकेज आणि आईच्या फोनवर वेगळं ॲप. ती ते उघडायला विसरायची, मधेच जाहिरात आली की घाबरून बंद करायची. शेवटी म्हणायची, "ते दुसरं नको रे, हिरव्यातून कर." आता हिरव्यातून का होत नाही हे पंचाहत्तरीच्या बाईला कसं समजावणार? व्हीपीएन, म्हणजे बंदीला वळसा घालणारं ॲप, सुचवणारे पुष्कळ भेटले. कायदा कडक, व्हिसा नोकरीचा. मी त्या वाटेला गेलो नाही. साधा आयएसडी लावायचो. मिनिटाचे पैसे पडतात हे तिला कळल्यापासून आमचं बोलणं तारेसारखं झालं. जेवलास का, बरी आहे, ठेवते. तीन वर्षं मी आईशी असं बोललो.

सिंगापूर विमानाने साडेपाच तास, घड्याळाने अडीच तास पुढे. कागदावर लांब. पण साडेसातला मी घरी पोचायचो तेव्हा ठाण्यात पाच वाजलेले असायचे. आई झोप काढून उठलेली, चहाचा कप हातात, गप्पांना मोकळी. हिरव्यातूनच लागायचा. फोन ओट्याला टेकवून मी भाजी चिरायचो आणि ती तिकडून डोळे बारीक करून बघायची. "किती जाड चिरतोयस!" अर्धा-अर्धा तास. बिल्डिंगमध्ये कोणाचं काय चाललंय, गडकरी रंगायतनला कोणतं नाटक लागलंय, ते मला ठाण्यात राहून कधी कळलं नव्हतं इतकं सिंगापुरात कळायला लागलं.

सिंगापूरला डाग नाही असं नाही, आणि तोही स्वयंपाकघरातलाच. पहिले सात महिने मी एका बाईंच्या घरात खोली भाड्याने घेतली होती. खोल्यांच्या जाहिरातीत 'लाइट कुकिंग' असं लिहिलेलं असतं. मला वाटलं, कमी तेलाचं. त्याचा अर्थ फोडणी नाही. एकदा हिंग-मोहरी तडतडली आणि बाई धावत आल्या, काय जळतंय म्हणून. काही ठिकाणी तर फोनवरच विचारतात, इंडियन का, आणि मग खोली गेलेली असते. दुबईत नेमकं उलटं. फोडणीचं कोणाला काही वाटत नाही, पण एकट्या पुरुषाला 'फॅमिली ओन्ली' म्हणून परत पाठवतात. पुढे बायको आल्यावर आम्ही अख्खा फ्लॅट घेतला आणि फोडणीचा प्रश्न मिटला. भाडं मात्र ऐकवत नाही.

कोविडमध्ये सिंगापूरहून वीस महिने येता आलं नाही, हेही सांगायला हवं. तेव्हा तीन तास काय नि साडेपाच काय, दोन्ही सारखेच. संध्याकाळचा फोन तेवढा चालू राहिला.

हे सगळं माझ्यापुरतं आहे. ज्यांचे आईवडील दुबईला दोन-तीन महिने राहायला येतात, त्यांना माझी ही रड कळणार नाही. माझ्या आईला ठाणं सोडवत नाही.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मी त्याला विचारलं, "तुझी आई रात्री किती वाजता झोपते?"

"बारा. मालिका बघून मग आवराआवर."

मी म्हटलं, मग दुबईचं नाव एकदम खोडू नकोस. पण तिला कॉल कशावरून करणार, ते सही करायच्या आधी बघ. आणि सिंगापूरवाल्यांना म्हणावं, उत्तर द्यायला अजून एक आठवडा द्या.