सीएनसी शिकायचं: क्लास की अप्रेंटिसशिप?

आयटीआय झालं, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, काम हवंय. आधी क्लास लावावा की कारखान्यात अप्रेंटिसशिप घ्यावी?

क्लासला फी भरा. अप्रेंटिसला दरमहा विद्यावेतन. क्लास लवकर उरकतो, अप्रेंटिसशिप बऱ्याचदा वर्षभर, शिफ्टसकट.

खरा फरक हाताच्या सवयीत. क्लासमध्ये जी-कोड, एम-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, नीट समजतात. पण टूल झिजलं की माप सरकतं, तेव्हा ऑफसेट (मापाची दुरुस्ती) किती द्यायचा हे चालू बॅचवरच उमगतं. मुलाखतीत मायक्रोमीटर हातात दिला, तर ०.०१ मिमी वाचण्याआधी शून्य न तपासणारा तिथेच अडकतो. मात्र कारखान्यात नुसतं लोडिंग-अनलोडिंग (मशीनमध्ये जॉब लावणं-काढणं) करवलं तर वर्ष वाया; सेटिंग, म्हणजे कामासाठी मशीन तयार करणं, शिकवणार का, आधीच विचारा.

मशीनची सवय आहे, प्रोग्रॅमिंगकडे वळायचंय, त्याने क्लास लावावा. नवख्याने अप्रेंटिसशिपच घ्यावी.