टेरिजियमची शस्त्रक्रिया : मांस काढलं, पण जागा कशानं झाकली?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळावर चढणारं मांस, म्हणजे टेरिजियम, सोलून काढणं फारसं अवघड नाही. ते पुन्हा येऊ न देणं अवघड, आणि शस्त्रक्रियेचा कस तिथेच लागतो.

मांस कापून जागा उघडी सोडायची जुनी पद्धत आता कुणी सुचवली तर सरळ नकार द्यावा. वेगवेगळ्या अभ्यासांत तिच्यानंतर २४ ते ८९ टक्के डोळ्यांत मांस परत आल्याची नोंद आहे. उघड्या जागेवर मायटोमायसिन हे पेशींची वाढ रोखणारं औषध लावलं की हे प्रमाण घटतं, पण श्वेतपटल, म्हणजे डोळ्याचं पांढरं आवरण, विरघळून पातळ होण्याचा धोका राहतो, तोही कधी कधी काही वर्षांनी.

आमची पसंती कंजंक्टायव्हल ऑटोग्राफ्टला. वरच्या पापणीखालचा त्याच डोळ्याचा पातळ पापुद्रा काढून उघड्या जागेवर बसवतात. तो जागेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठा घ्यावा लागतो, कारण नंतर आक्रसतो. त्याच्याखाली टेनॉनचा थर, म्हणजे पापुद्र्याखालची तंतुमय ऊती, चिकटून राहिला तर सूज येते, कडा सुटतात. बुबुळाकडची कड बुबुळाकडेच यायला हवी. पापुद्र्याची वरची बाजू खाली गेली तर तो रुजतच नाही. काचबिंदू असेल तर वरची जागा पुढच्या शस्त्रक्रियेसाठी राखून पापुद्रा खालून घ्यावा. पापुद्रा कुठून घेणार, हे रुग्णानं आधीच विचारावं.

पापुद्रा बसवायला टाके की फायब्रिन ग्लू, म्हणजे ऊती चिकटवणारा डिंक? ग्लूनं वेळ वाचतो आणि पहिल्या आठवड्यातली टोचणी बरीच कमी होते, म्हणून खर्च जास्त असला तरी आम्ही ग्लूकडे झुकतो. मात्र सुरुवातीच्या दिवसांत डोळा चोळला तर पापुद्रा सरकतो. ग्लू मानवी रक्तद्रवापासून बनतो, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं.

नंतरची काळजी अनेक ठिकाणी कमी पडते. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे हळूहळू कमी करत न्यायचे असतात आणि त्या काळात डोळ्याचा दाब मोजावाच लागतो. मांस परत यायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच येतं, म्हणून तपासण्या तोवर चालू हव्यात. मोतीबिंदूही काढायचा असेल तर लेन्सचं माप बुबुळाची वक्रता स्थिरावल्यावरच घ्यावं. घाईत घेतलेलं माप चुकतं.

आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवतात का, हे जरूर विचारा. पृष्ठभागावरचा कर्करोग सुरुवातीला हुबेहूब टेरिजियमसारखा दिसू शकतो.