वडी, पावडर की लिक्विड? आधी नळाचं पाणी बघा

पुतणी गेल्या महिन्यात कोल्हापुरात फुलेवाडीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. घरात पहिल्यांदाच कपडे धुण्याचं मशीन आलं, तेही फ्रंट लोड. लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून तिचा फोन, "काकी, पावडर घेऊ की लिक्विड? आणि आई म्हणते वडी तर पाहिजेच." मी म्हटलं, आधी तुझ्याकडं पाणी कुठलं येतंय ते सांग. दुकानात उभं राहून सगळं ऐकायला तिला वेळ नव्हता, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आमच्या पेठेत महापालिकेचं पाणी. हाताला साबण लावला की बुळबुळीतपणा लवकर जात नाही, इतकं ते मऊ. तिच्या अपार्टमेंटला बोअर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते जड. त्यात साबण घातला की फेस व्हायच्या आधी साका धरतो आणि तोच करडा थर बादलीच्या कडेला, बनियनच्या काखेत बसतो. मग आपण म्हणतो, साबण चांगला नाही.

माझ्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. धुणं डोक्यावर घेऊन पंचगंगेच्या घाटावर जायचं, वाहतं पाणी, तेलापासून केलेला पिवळा बार आणि आपटायला दगड. रेशमी लुगड्याला रिठे, मळक्या चादरींना धुण्याचा सोडा, पांढऱ्या कपड्यांना शेवटी नीळ. धुणं घाटावरून मोरीत आलं, कुठं नळाचं तर कुठं आडाचं पाणी वापरायची वेळ आली, तेव्हा साबणाची मर्यादा कळली. 1959 साली सर्फ आली तिचं खरं मोठेपण हे, की तो साबण नव्हताच, डिटर्जंट होता. डिटर्जंट जड पाण्यातही साका धरत नाही. पण ती पावडर साध्या घराच्या खिशाला परवडणारी नव्हती. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढली, सायकलवरून दारोदार, किलोला साधारण 3 रुपयांनी विकली, आणि पावडर सगळ्यांची झाली. रिनची वडीही त्याच वर्षीची. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त पावडरींत सोडा भरपूर असायचा. धुणं झालं की आईच्या बोटांची कातडी सोललेली असायची, ती खोबरेल लावून बसायची. आज हाताने धुणाऱ्या बाईनं पाकीट निवडताना किमतीआधी हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता आजची निवड. वडी कॉलर, बाह्यांची टोकं आणि पायमोजे यांना अजूनही उत्तम, कारण ती नेमकी डागावर घासता येते. मात्र वडीत खडू-मातीसारखी भर असते. ती किसून मशीनमध्ये टाकू नका, काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे उमटतात.

पावडर आणि लिक्विड यांतला खरा फरक डाग सांगतो. आपल्याकडचा पहिला डाग म्हणजे तांबडा रस्सा. गेल्या वर्षी जावेच्या घरी जेवताना ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर वाटी कलंडली. मी घाईनं वडी घासली, तर पिवळा डाग एकदम कुंकवासारखा लाल झाला. घाबरू नका, हळदीचा रंग वडीतल्या सोड्याच्या संगतीत लाल होतो आणि खळबळून धुतला की परत पिवळा पडतो. रश्श्यात मुख्य अडचण तेलाची, आणि तिथं लिक्विड सरस. चमचाभर लिक्विड थेट डागावर ओतून पंधरा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, आणि ओला शर्टच कडक उन्हात टाकायचा. हळदीचा उरलेला पिवळेपणा ऊन खातं. माझा शर्ट दोन दुपारींत स्वच्छ झाला.

दुसरा डाग मातीचा. शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळून आलेली जर्सी असो की तालमीतला लाल मातीचा लंगोट, तिथं पावडर पुढं. माती आधी वाळू द्या, झाडा, मग कोमट पाण्यात पावडर विरघळवून अर्धा तास भिजवा. चांगल्या पावडरीत एन्झाइम, म्हणजे प्रथिनांसारखे डाग तोडणारे घटक असतात, त्यांना काम करायला वेळ लागतो आणि उकळतं पाणी त्यांना मारून टाकतं. पांढरं खुलवणारं ऑक्सिजन ब्लीच पावडरीतच टिकतं, लिक्विडमध्ये टिकत नाही. म्हणून शाळेच्या पांढऱ्या गणवेशाला मी पावडरच वापरते.

उलट जून ते सप्टेंबर लिक्विड बरं. थंड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, तिचे कण कपड्यात राहतात, आणि आपल्या पावसात चार-चार दिवस न वाळलेल्या कपड्याला कुबट वास धरतो. तो वास झाकायला सुगंधी कंडिशनर ओतू नका. माप कमी करा आणि एकदा जास्त खळबळा.

फ्रंट लोडला त्याच्यासाठीचीच पावडर किंवा लिक्विड घ्या. ते थोड्या पाण्यात धुतं, साध्या पावडरीचा फेस आत भरला की कपडे एकमेकांवर घासतच नाहीत. पॉड, म्हणजे लिक्विड भरलेले छोटे गोळे, सोयीचे, पण चार कपडे असोत की चाळीस, माप एकच. आणि लहान मूल असलेल्या घरात ते रंगीत गोळे नकोतच. पैठणी किंवा रेशमी काठाची इरकल यांना एन्झाइमवाली पावडर कधीच लावू नका, रेशीमही प्रथिनच आहे. तिथं आजीचे रिठे.

पाकिटावर 'फॉस्फेटमुक्त' लिहिलेलं शोधा. सांडपाण्यातून गेलेलं फॉस्फेट शेवाळाचं खत होतं, आणि हिरवा पडलेला रंकाळा तलाव आपण डोळ्यांनी पाहिलाय. आपल्या मोरीतलं पाणी शेवटी कुठं जातं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

दर बघताना किलोचा भाव बघू नका. पाकिटाची किंमत भागिले त्यात होणारी धुणी, हा हिशेब दुकानातच करा. नळाचं मऊ पाणी असेल तर दिलेल्या मापापेक्षा कमी पुरतं. बोअर असेल तर जड पाण्यासाठी दिलेलं माप धरा.

पुतणीनं शेवटी फ्रंट लोडची एक किलो पावडर, लिक्विडची छोटी बाटली आणि कॉलरसाठी एक वडी नेली. पाकिटावर पेनानं तारीख घातलीय, किती धुणी होतात ते ती मोजतेय.