सरकारी दवाखान्यातली बीपीची सेवा : आईच्या तीन वर्षांच्या कार्डावरून रिव्ह्यू

आई खुर्चीत टेकली की सिस्टर पहिलं विचारतात, "मावशी, मिसरी लावून आलाय का?" आणि आई खरं बोलली तर तिला अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसवतात. मग आत घेऊन पाठ टेकवा, पायावर पाय नको, हात टेबलावर ठेवा, आता पाच मिनिटं बोलायचं नाही. आईला ते न बोलणं फार जड जातं, पण बसते. मग उघड्या दंडाला पट्टा बांधून मशीन एकदा, थोडं थांबून परत एकदा, आणि दोन्ही आकडे कार्डावर. याच्या आधी दीड वर्ष मी तिला पुण्यात एका खाजगी क्लिनिकला नेत होते, तिथे जिना चढून धापा टाकत आत गेलं की तशाच अवस्थेत ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा गुंडाळायचे, पंधरा सेकंदात काम झालं, आणि दर वेळी आकडा वेगळा आणि दर वेळी गोळी वेगळी.

तर हा रिव्ह्यू सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) आणि गावातल्या उपकेंद्राचा, म्हणजे ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्याचा. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे तक्रारी पण लिहिणार आहे आणि तिथली माणसं मनापासून काम करणारी आहेत, त्यांना उगाच कोणी जाब विचारायला नको. आई ६६ वर्षांची, गेली तीन वर्षं बीपीचे उपचार पूर्ण इथलेच.

आधी हे सांगते की मी याच्या मागे एवढी का लागते. माझ्या अण्णांना रानात पाणी पाजताना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, चार वर्षं अंथरुणावर होते. ५८ वर्षांच्या आयुष्यात, तो झटका येईपर्यंत, त्यांचं बीपी एकदाही कोणी मोजलं नव्हतं. दवाखान्यात ते ताप, खोकला, साप-विंचू यासाठी जायचे, काही दुखत नसताना दवाखान्यात जायचं असतं हे आमच्या घरात कोणाला माहीतच नव्हतं. आणि हे फक्त आमच्या घरातलं नाही. भारतात दर चार मोठ्या माणसांत एकाला बीपी आहे, त्यातल्या साधारण निम्म्यांनाच ते माहीत असतं, आणि आटोक्यात असतं ते दहातल्या जेमतेम एकाचं. बीपीवरच्या गोळ्या कित्येक वर्षांपासून बाजारात आहेत, स्वस्त आहेत, पेटंटची भानगड नाही. मग गोळी आहे, रोगी आहे आणि मधे काहीतरी तुटलंय, तर ते काय हे कोणीतरी सरकारला नीट बसून सांगायला हवं होतं ना.

ते काम झालं नोव्हेंबर २०१७ पासून. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह असं लांबलचक नाव आहे, केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद), राज्य सरकारं, आणि सल्ला द्यायला डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) भारतातलं ऑफिस आणि रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज ही संस्था. सुरुवातीला पाच राज्यं घेतली, पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि आपला महाराष्ट्र, आणि महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे म्हणजे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा. आमच्या पीएचसीत हे नाव कोणी घेत नाही, तिथे त्याला नुसतं "बीपीचं कार्ड" म्हणतात. मलाही हे सगळं मागाहून कळलं, आईच्या कार्डावर एवढी शिस्त कुठून आली म्हणून शोधायला गेले तेव्हा.

आता सेवा कशी आहे ते. मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे सगळ्यांना ठरलेल्याच गोळ्या. सुरुवातीला मला हे बरोबर वाटलं नव्हतं, वाटलं सरकारी म्हणून सगळ्यांना एकाच मापाचं देतात. आईला अम्लोडिपिन ५ दिली, महिन्याने वरचा आकडा १४० च्या वर राहिला म्हणून त्यात टेल्मिसार्टन ४० जोडली, बास, आणि तेवढ्यावर बसलं. त्याच्यावर लागलंच तर तिसरी, लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी. म्हणजे पायऱ्या आधीच ठरलेल्या आहेत, नवीन डॉक्टर आले तरी पायरी तीच. पुण्यातल्या क्लिनिकला दीड वर्षात आईच्या गोळ्यांचे चार ब्रँड बदलले, महिन्याला साडेचारशे रुपये जायचे, आणि एकदा तर दोन वेगळ्या नावांच्या पाकिटात औषध एकच होतं आणि आई दोन्ही घेत होती!!

आणि ठरलेल्या गोळ्यांचा खरा फायदा पीएचसीतल्या फार्मासिस्ट भाऊंनी समजावला तेव्हा डोक्यात शिरला. समजा एका पीएचसीखाली पहिल्या पायरीवरचे ४०० पेशंट आहेत, तर महिन्याला १२,००० गोळ्या लागणार, हे बोटावर मोजता येतं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या आवडीचं औषध लिहायला लागला तर कोणती किती मागवायची हा हिशोबच होत नाही, मग एक पडून एक्सपायर होते आणि दुसरी कधीच नसते. पेशंट किती, कोणत्या पायरीवर, त्यावरून मागणी, वर थोडा जास्तीचा साठा. आपण किराणा भरताना करतो तेवढाच हिशोब आहे, पण तो सरकारी पद्धतीत बसवायला बाहेरून माणसं येऊन मागे लागावी लागली.

दुसरं, ३० दिवसांच्या गोळ्या एकदम. ज्यांनी पूर्वीचा सरकारी दवाखाना बघितलाय त्यांनाच याची किंमत कळेल. माझ्या मावशीला आधी सात दिवसांच्या मिळायच्या, म्हणजे दर आठवड्याला वडाप (शेअर जीप), जायचे वीस यायचे वीस, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. बीपीने तर काही दुखत नाही, मग बाई किती आठवडे जाणार? तिसऱ्या महिन्यात तिने सोडलं. त्यात लोकांनी तिलाच नावं ठेवली, "हिला स्वतःच्या तब्येतीची काळजी नाही". माझ्या मते यात मावशीचा काडीचाही दोष नव्हता, सात दिवसांचा नियम ज्यांनी ठेवला त्यांचा होता. आता महिन्यातून एकदा, तेही पीएचसीला नाही तर गावातल्या उपकेंद्रात, घरापासून चालत दहा मिनिटं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सरकारी दवाखान्यातली तपासणी-उपचार मोफत केलेत, त्यामुळे केस पेपरचे पण पैसे नाहीत.

तिसरं म्हणजे चुकलं तर विचारतात. सोयाबीन काढायच्या दिवसात आई तारखेला गेली नाही, तर पाचव्या दिवशी फोन, आणि फोन उचलला नाही म्हणून आठव्या दिवशी आशाताई थेट रानात. आईने सांगितलेलं जसंच्या तसं, "आगं बांधावर हुबी राहून म्हनली, आक्का गोळ्या संपल्या आस्त्याल तुमच्या, चला आदी." मला पुण्यात बसून हे ऐकताना रडू आलं, कारण अण्णांच्या वेळेला असं विचारणारं कोणी नव्हतं. पण ही आशाताईंच्या स्वभावाची गोष्ट आहे तशीच पद्धतीची पण आहे, कोण यायचं राहिलं याची यादीच निघते आणि दर तिमाहीला हिशोब लागतो की आधी नोंदवलेल्यांपैकी किती जणांचं आटोक्यात, किती जणांचं नाही, किती जण आलेच नाहीत. टीबीच्या कार्यक्रमात हे पूर्वीपासून आहे, तिथूनच ही रीत घेतली.

एकदा मी आईसोबत पीएचसीत असताना वरून एक सुपरवायझर आले होते, राज्याचे की डब्ल्यूएचओकडचे ते मी विचारलं नाही. मला वाटलं आता एमओंच्या (मेडिकल ऑफिसरच्या) केबिनमधे चहा-बिस्किटं होतील आणि फोटो. तर ते गेले ते सरळ औषधाच्या खोलीत, कपाट उघडून स्ट्रिपा मोजल्या, रजिस्टरमधल्या आकड्याशी जुळवल्या, मग कार्डांच्या गठ्ठ्यातून मधलीच पाच-सहा काढली आणि सिस्टरना शेजारी बसवून विचारलं, या बाबांचं तीन वेळा १५० च्या वर आहे, तरी गोळी वाढवली का नाही? सिस्टर म्हणाल्या डॉक्टर त्या दिवशी मीटिंगला होते. मग ते एमओंशी बोलले आणि त्या बाबांना पुढच्या दिवशी बोलवायचं ठरलं. आरोग्य धोरणाचा सल्ला म्हटलं की मला जाडजूड रिपोर्ट आणि दिल्लीतलं हॉटेल डोळ्यासमोर यायचं, पण मला पटलेला सल्ला हा, कपाटापर्यंत जाणारा.

आता तक्रारी, आणि पहिलीच मोठी आहे.

मागच्या वर्षी साधारण दोन महिने टेल्मिसार्टन आलीच नाही. अम्लोडिपिन होती. पहिल्यांदा दहा दिवसांच्या दिल्या, पुढच्या खेपेला "बाहेरून घ्या" असं चिठ्ठीवर लिहून दिलं. आई मला काही बोलली नाही, तिने काय केलं तर असलेल्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, आणि संपल्यावर नुसत्या एकीवर राहिली. मी गणपतीला गेले तर १७६/१०२. माझे हातपाय गार पडले. त्या संध्याकाळीच तालुक्याहून गोळ्या आणल्या, तीन आठवड्यांनी आकडा खाली आला, पण ते तीन आठवडे मी रोज रात्री फोन करून आईचा आवाज नीट येतोय ना, जीभ जड नाही ना, हे ऐकत होते. फार्मासिस्ट भाऊंनी मागणी वेळेत पाठवलेली, मला त्यांनी कागद दाखवला. मग अडलं वर कुठेतरी.

आणि हे सुटू शकत नाही असं कोणी सांगू नये. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक दिलं, बँकेसारखं, तुमच्या नावावर इतकी रक्कम, त्यातून लागेल तसं गोदामातून उचला. ऑगस्ट २०२१ पासून तर ते बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच देतात. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मधे लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करायचा, त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक आरोग्यावर, आणि ज्यांचं बीपी-शुगर माहीत आहे अशा ८० टक्के लोकांचं आटोक्यात ठेवायचं. वाक्यं चांगली आहेत, मला मनापासून पटतात. पण आमच्या कपाटात दोन महिने एक स्ट्रिप नव्हती, आणि सल्लागार कितीही हुशार असला तरी गोळी विकत घ्यायची सही त्याची नसते, ती सरकारची असते.

दुसरी तक्रार, उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम. बीएएमएस (आयुर्वेदाची डॉक्टरकी) झालेल्या, फार चांगल्या, आईला खर्डा आणि लोणचं कमी करायला त्यांनीच पटवलं, मला तीन वर्षं सांगून जमलं नव्हतं. पण त्या कंत्राटी. त्यांनी नोकरी सोडली आणि नवीन येईपर्यंत चार महिने उपकेंद्रात फक्त सिस्टर, त्यांच्याकडे लसीकरण, बाळंतपणं, सगळे सर्व्हे, त्यात बीपीचा दिवस कधी व्हायचा कधी नाही. गावाला माणूस ओळखीचा व्हायला वर्ष लागतं हो. तिसरं छोटंसं, पुरुष येतच नाहीत. सकाळी नऊ ते बारा ओपीडी, तेव्हा गडी माणसं कामावर. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी संध्याकाळी टेबल लावलं होतं एकदा, त्या एका संध्याकाळी बरेच नवीन निघाले, ते दर महिन्याला व्हायला पाहिजे.

तरी पण एकूण विचाराल तर मी पाचपैकी चार देईन. औषधाच्या साठ्याचे वेगळे मार्क असते तर तिथे दोनच. या कार्यक्रमाला सप्टेंबर २०२२ मधे संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला तेव्हा ३४ लाखांवर लोक सरकारी दवाखान्यांतून बीपीचे उपचार घेत होते आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचं आटोक्यात होतं. दहातला एक हा आकडा बीपी असलेल्या सगळ्यांचा आणि हा उपचार घेणाऱ्यांचा, त्यामुळे सरळ तुलना नको, पण निम्मे, आणि तेही जुन्याच गोळ्यांवर.

जाणार असाल तर काही गोष्टी. तिशीच्या वरच्या कोणाचंही बीपी-शुगर उपकेंद्रात तपासून मिळायला पाहिजे, काही होत नसलं तरी जा, आणि घरातल्या बाप्यांना ओढून न्या. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आईचं पहिलं पावसात भिजून गेलं. तपासायला जायच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नका, रक्त तपासणीसारखं उपाशी जायचं असतं असं समजून आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका गोळी न घेता जायच्या आणि मग आकडा उगाच वर दिसायचा. एखादी गोळी नसेल तर घरच्यांना त्याच दिवशी सांगा, आणि चिठ्ठी घेऊन एमओंना भेटा, तक्रार लेखी द्या, मी दिली होती. आणि मिसरी घरून लावून निघू नका, नाहीतर अर्धा तास बाकावर बसावं लागतं. आईने आता त्यावर तोडगा काढलाय, बीपीच्या दिवशी डबी शेजारच्या काकूंकडे ठेवून जाते, परत आली की मागून घेते. कायमची सोडण्याबद्दल नवीन मॅडमशी बोलणं चालू आहे.