बायोसच्या पडद्यावरचे आठ महिने

रॅमच्या पाकिटावर वेगाचा आकडा ठसठशीत ३२०० छापलेला होता आणि विंडोजचा टास्क मॅनेजर २४०० दाखवत होता. फेब्रुवारीत नवा पीसी असेंबल करून घेतला, त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सहज ‘परफॉर्मन्स’च्या पानावर गेलो तेव्हा हे लक्षात आलं. दुकानात फोन लावला. “चालतंय ना साहेब? मग बायोसमध्ये हात घालू नका, काही झालं तर वॉरंटीत बसणार नाही,” असं उत्तर मिळालं. मला ते अजिबात पटलं नाही. पैसे ३२००च्या रॅमचे घेतले होते, तर ती ३२००वर चालवून देणं हा जुळणीचाच भाग आहे. तेव्हा नुसतं वाटत होतं, आज आठ महिन्यांनी खात्रीने सांगतो.

मी सांगलीत घरूनच डीटीपीचं काम करतो. पुस्तकं, स्मरणिका, आणि ऑगस्टपासून दिवाळी अंक. मशीन साधंच आहे: रायझन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हा अनुभव प्रोसेसरचा किंवा रॅमचा नाही. मशीन चालू होताना डिलीट दाबलं की बायोसचा, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जचा, जो पडदा उघडतो, त्याच्याशी गेले आठ महिने जो संबंध आला, त्याचा आहे.

नाव सगळे बायोसच घेतात. हा शब्द १९७५च्या सुमाराचा, गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतला. १९८१च्या आयबीएम पीसीमुळे तो जगभर रुळला. आजच्या बोर्डांवर असतं ते यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, पण दुकानात जाऊन “यूईएफआय दाखवा” म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मीही बायोसच म्हणतो.

आत शिरणं हीच पहिली अडचण. माझ्या बोर्डावर डिलीट किंवा एफ२ चालतं, पण फास्ट बूट चालू असलं की कीबोर्ड जागा व्हायच्या आत विंडोजचं चिन्ह येतं. वायरलेस कीबोर्डवर तर पहिल्या संध्याकाळी दहा-बारा वेळा हुकलं. शेवटी जुना वायरवाला कीबोर्ड मागच्या यूएसबी २.० पोर्टला लावला, तेव्हा जमलं. खात्रीचा रस्ता विंडोजमधूनच आहे हे नंतर कळलं: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि त्यात यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. मशीन थेट त्या पडद्यावरच उघडतं, बोटांची घाई करावी लागत नाही. आता मी हाच रस्ता धरतो.

पडदा उघडल्यावर आधी सोपा भाग दिसतो: तापमान, पंखे, बूटचा क्रम. एफ७ दाबलं की खरा पसारा समोर येतो. माउस चालतो, शोधायची सोयही आहे. पण मदतीच्या चौकटीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती आठ महिन्यांत कमी झालेली नाही. ‘ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल’वर गेलं की उजवीकडे लिहून येतं, “ग्लोबल सी-स्टेट नियंत्रित करते.” ज्याला हे आधीच माहीत आहे त्याला या ओळीची गरज नाही आणि ज्याला माहीत नाही त्याच्या हाती काही लागत नाही. भाषांची यादी आहे, तीत मराठी नाही, हिंदीही नाही. बँकेचं एटीएम मराठीत बोलतं, मग ज्या पडद्यावर एका चुकीने मशीन अडतं तिथे दोन ओळी समजतील अशा भाषेत लिहायला काय हरकत आहे?

तर रॅम. प्रोफाइलचा पर्याय आहे, त्याला काही कंपन्या एक्सएमपी म्हणतात, काही डीओसीपी. रॅमच्या स्टिकवरच एका छोट्या चिपमध्ये निर्मात्याने वेग, टायमिंग आणि व्होल्टेज लिहून ठेवलेलं असतं. बोर्डाने ते वाचून लावायचं एवढंच. पण बोर्ड आपणहून सुरक्षित, कमी वेगावर सुरू होतो आणि कुणी सांगेपर्यंत तिथेच राहतो. मी प्रोफाइल निवडलं, व्होल्टेज १.२ वरून १.३५ झालेलं दिसलं, एफ१० दाबलं. जतन करण्याआधी काय-काय बदललं याची यादी येते, आधीची किंमत आणि पुढे नवी. ही यादी मला फार आवडते. घाई न करता ती ओळ-न्-ओळ वाचावी, कारण कधी माउसचा धक्का लागून नको ते बदललेलं असतं ते इथेच सापडतं.

त्यानंतर पडदा काळा. पंखे फिरत होते, पण चित्र येईना. पाऊण मिनिट तरी गेलं असेल. हात पॉवरच्या बटणाकडे गेला होता, पण मी थांबलो आणि तेच बरोबर ठरलं. नव्या वेगावर बोर्ड रॅमची चाचपणी करतो, पहिल्या वेळी त्याला वेळ लागतो. जमलंच नाही तर दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू होऊन तो जुन्या वेगावर परततो आणि तसा निरोप दाखवतो. हे दुकानदाराने एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी धडधड वाचली असती.

फरक जाणवला का? हो, आणि माझ्यासारख्या मशीनवर तो जास्तच जाणवतो. ५६००जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ती आपल्याच रॅममधून घेते. रॅम सावकाश असली तर चित्रही सावकाश. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये दोनशे पानांची फाइल मोठी-लहान करताना पान जे तुकड्या-तुकड्याने भरायचं, ते सलग भरायला लागलं.

त्या आनंदात मी एक चूक केली. ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची, तो आकडा ‘ऑटो’वरून चार जीबीवर नेला. जास्त दिली की जास्त चांगलं, असा समज. आठवडाभराने चित्रांनी भरलेल्या एका स्मरणिकेची पीडीएफ काढताना मशीन घुटमळायला लागलं. सोळातली चार जीबी कायमची बाजूला पडली होती आणि माझ्या कामाला तिचा उपयोग शून्य होता. परत ‘ऑटो’वर आणलं. गेम खेळणाऱ्याचं गणित वेगळं असेल, पानं लावणाऱ्याने हात लावू नये.

पंख्यांनी मात्र सगळ्यात जास्त दिवस घेतले आणि सगळ्यात जास्त समाधानही दिलं. एप्रिलमध्ये खोलीत आवाज इतका, की प्रुफं वाचणाऱ्या बाई फोनवर “पाठीमागे काय चालू आहे?” असं विचारायच्या. मी समजत होतो प्रोसेसर तापतोय. पडद्यावर बघितलं तर तापमान ४५ अंश, आणि केसचा मागचा पंखा पूर्ण वेगात. खाली बसून टॉर्च मारून प्लग पाहिला तेव्हा उलगडा झाला. पंखा तीन पिनांचा होता आणि बोर्डावरची जागा चार पिनांची. चौथ्या पिनेतून वेगाचा हुकूम जातो. ती पीडब्ल्यूएम पद्धत. तीन पिनांच्या पंख्याला तो हुकूम पोचतच नाही, त्याला फक्त १२ व्होल्ट दिसतात आणि तो जीव तोडून पळत राहतो. बायोसमध्ये त्या पंख्यापुढे ‘पीडब्ल्यूएम’ निवडलेलं होतं, ते ‘डीसी’ केलं. म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवायचा. जतन करायच्याही आधी, तिथल्या तिथे पंख्याचा सूर उतरत गेला. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

प्रोसेसरच्या पंख्याचं दुखणं निराळं होतं. फाइल उघडली की घूं, दोन सेकंदांनी शांत, पुन्हा घूं. तापमान क्षणभर चढतं आणि पंखा लगेच धावतो. आलेखातले ठिपके ओढून मी ५० अंशांपर्यंत वेग ३० टक्क्यांवर धरला, ७० अंशांना ६५, ८५ला पूर्ण. आणि ‘स्टेप अप टाइम’ वाढवला, म्हणजे गरमी टिकली तरच पंखा हलेल. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, लांबलचक पीडीएफ निघत असताना मी पडद्याकडे बघत बसलो होतो. तापमान ७८च्या वर गेलं नाही.

लाईट गेल्यावर काय करायचं, हाही पर्याय आत आहे. वीज परत आली की मशीन बंदच राहावं, आपोआप चालू व्हावं, की आधी होतं तसं व्हावं. मी हौसेने ‘नेहमी चालू’ ठेवलं. मग वळवाच्या एका संध्याकाळी लाईट दहा मिनिटांत चार-पाच वेळा लपंडाव खेळली आणि त्या दिवशी यूपीएसची बॅटरीही उतरलेली होती. मशीन प्रत्येक वेळी उठत होतं आणि विंडोज अर्धी चढेपर्यंत आडवं होत होतं. मला तो आवाज ऐकवेना. फाइली वाचल्या, पण त्याच रात्री ‘बंदच राहावं’ केलं. दुकानात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन असेल तर आपोआप उठणं बरं. ज्या मशीनवर माणूस बसून काम करतो, ते माणसानेच उठवावं. रात्री मशीन बंद केल्यावरही कीबोर्डचा लाल दिवा जळत राहायचा, तो ‘ईआरपी’ हा बंद मशीनची वीज वाचवणारा पर्याय चालू केल्यावर विझला.

भाच्याला त्याच्या अभ्यासासाठी अँड्रॉइडचा एम्युलेटर, म्हणजे पीसीवर फोनची ॲप चालवणारं सॉफ्टवेअर, हवा होता, तो चालेना. एसव्हीएम नावाचा, मशीनच्या आत आभासी मशीन चालवू देणारा पर्याय बंद होता, चालू केला, चालला. पाच मिनिटांचं काम.

जुलैत बायोसची नवी आवृत्ती टाकली. बोर्डावर २०२१ची आवृत्ती होती. मॉडेलचं नाव एकच असलं तरी बोर्डाच्या कोपऱ्यात ‘रेव्ह’ म्हणून बारीक आकडा छापलेला असतो, तोही जुळवून पाहिला. फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घेतली. यूपीएस पूर्ण चार्ज, बाहेर पाऊस नाही, सकाळी सहाची वेळ. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, आधी थांबवून ठेवलं आणि रिकव्हरीची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घेतली. हे केलं म्हणून निभावलं. कारण काम झाल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न आला: एफटीपीएमची (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाची) नोंद बदलली आहे, ती पुसायची तर वाय दाबा, ठेवायची तर एन, बिटलॉकर असेल तर किल्लीशिवाय मशीन उघडणार नाही. ज्याने तयारी केलेली नाही, त्याच्यासमोर सकाळी सहाला हा प्रश्न उभा राहिला तर त्याने काय करावं? मी वाय दाबला. विंडोज आली, फक्त लॉगिनचा पिन पुन्हा घालावा लागला.

पण बाकी सगळं पुसलं गेलं होतं. रॅम परत २४००वर, मागचा पंखा परत पीडब्ल्यूएमवर, परत तोच घूं आवाज. तेव्हा वहीची किंमत कळली. पहिल्या दिवसापासून मी प्रत्येक बदल एका वहीत तारखेसह लिहीत आलो आहे, एका बैठकीत एकच बदल. शिवाय एफ१२ दाबलं की त्या पडद्याचं चित्र पेनड्राइव्हवर उतरतं. दहा मिनिटांत सगळं जसंच्या तसं लागलं.

याच काळात वडिलांच्या जुन्या मशीनचंही काम निघालं. बँकेची साइट उघडेना, सुरक्षिततेचा इशारा येई. त्यांना वाटलं खातं कुणीतरी हॅक केलं, दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. कोपऱ्यातली तारीख मला शेवटी दिसली, कित्येक वर्षं मागची. बोर्डावरची सीआर२०३२, ती ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती, त्यामुळे रात्री बटण बंद केलं की घड्याळ मागे जायचं आणि साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसायचं. घड्याळजीकडून बॅटरी आणली, बसवली, तारीख घातली. संध्याकाळी वडिलांनी स्वतः पासबुकातल्या नोंदी ताडून पाहिल्या.

व्होल्टेजला मी हात लावलेला नाही, प्रोफाइलने जे बदललं तेवढंच. वेग वाढवायची मला गरजही नाही आणि दिवाळी अंकाच्या हंगामात मशीन अस्थिर होणं परवडणारं नाही. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तीन अंक याच मशीनवर लागले, एकदाही मधेच बंद पडलं नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. स्लीपमधून उठवलं की मागचा पंखा ‘डीसी’ विसरतो आणि पूर्ण वेगात पळू लागतो. रीस्टार्ट केल्यावरच ताळ्यावर येतो. कंपनीला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा डिफॉल्ट लोड करून पाहा एवढंच उत्तर आलं. नव्या आवृत्तीच्या नोंदींत याचा उल्लेख नाही. तोवर मी स्लीप बंद ठेवली आहे आणि रात्री मशीन पूर्ण बंद करतो.