शेवट फसलेली की शेवट राहिलेली? ‘गॅलॅक्टिका’ आणि ‘एक्स्पान्स’

गेल्या आठवड्यात हिंजवडीहून परतताना बसमध्ये ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं, “दादा, दिवाळीच्या सुट्टीत एकच मोठी सायन्स फिक्शन मालिका बघायचीय. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ बघू की ‘द एक्स्पान्स’? गॅलॅक्टिकाचा शेवट म्हणे अगदीच बेकार आहे.” चांदणी चौक येईपर्यंत मी बोलत होतो, तरी सांगायचं बरंच राहिलं. ते इथे लिहितो. गॅलॅक्टिकाचा शेवट यात फुटणार आहे. आधीच माहीत असला की तो जरा कमी लागतो, असा माझा अनुभव आहे.

वेळेचा हिशेब आधी. गॅलॅक्टिका म्हणजे २००३ची दोन भागांची लघुमालिका आणि मग चार सीझन, मिळून पंचावन्न तासांच्या वर. एक्स्पान्सचे सहा सीझन, ६२ भाग. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत दोन्हींपैकी एकही संपणार नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत पुरेल.

गॅलॅक्टिकाची गोष्ट अशी: माणसांनीच बनवलेली सायलॉन यंत्रं उलटतात, बारा ग्रहांवरच्या वसाहती बेचिराख करतात. उरलेसुरले लोक जहाजांच्या ताफ्यातून पृथ्वी नावाच्या दंतकथेचा शोध घेत पळत सुटतात. पहिल्या भागाचं नाव ‘३३’. दर तेहेतीस मिनिटांनी सायलॉन हल्ला करतात, पाच दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. राष्ट्राध्यक्ष रोझलिनबाईंच्या जहाजात एक पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. भाग सुरू होताना ५०,२९८. भागाच्या शेवटी बातमी येते की ताफ्यात एक मूल जन्माला आलं. रोझलिन उठते आणि ४७,९७२चे ४७,९७३ करते. एवढंच दृश्य. या एका आकड्यासाठी मी पुढची सगळी मालिका बघितली. अवकाशातल्या लढाया कुणीही दाखवतं, पण एकेक माणूस मोजणारं सरकार मी पडद्यावर तोवर पाहिलं नव्हतं.

म्हणूनच शेवटाचा राग आला. २० मार्च २००९ला तो अमेरिकेत दाखवला गेला, आमच्यापर्यंत एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून आठवड्याभराने पोचला. पाडव्याची आदली रात्र, कर्वे रोडवरची खोली, एका मॉनिटरसमोर आम्ही चौघं. पहिला तासभर कुणी जागचं हललं नाही. सायलॉनांच्या तळावर घुसून हेरा या लहान मुलीला सोडवून आणतात ती चकमक मालिकेतल्या सर्वोत्तम प्रसंगांत मोडते. मग ताफ्याला आपली हिरवीगार पृथ्वी सापडते, दीड लाख वर्षांपूर्वीची. आणि ताफ्याचा सेनापती अडामा, त्याचा मुलगा ली सुचवतो, तंत्रज्ञान सोडून देऊ, नव्याने सुरुवात करू. सगळी जहाजं सूर्यात लोटून दिली जातात. अडतीस हजार माणसं पाठीवर गाठोडी घेऊन वेगवेगळ्या खंडांवर पांगतात. एकही जण म्हणत नाही की मला हे मान्य नाही.

बहुतेकांची तक्रार असते ती देवाची: वैमानिक स्टारबक मरून परत कशी आली, तर दैवी योजना, शास्त्रज्ञ बाल्टरला एकट्यालाच दिसणारी ती बाई कोण, तर देवदूत. मलाही ते पटलं नाही. पण मालिकेत देवधर्म पहिल्यापासून होता, त्यामुळे त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. फसवणूक फळ्याची झाली. चार सीझन ज्यांनी एकेक जीव मोजला, ते औषधं आणि शस्त्रक्रियेची साधनं जाळून टाकतात. पहिल्याच पावसाळ्यात तापाने किती पोरं दगावली असतील? मोजायला कुणी उरलं नाही. अगदी शेवटी आजच्या न्यूयॉर्कमध्ये कळतं की टांझानियात सापडलेले एका तरुण स्त्रीचे अवशेष हेराचे, आणि तीच आपल्या सगळ्यांची आदिमाता. म्हणजे जिच्यासाठी एवढी लढाई झाली, ती पोर तरुणपणीच गेली! मालिका हे अभिमानाने सांगते. आमच्यातला एक जण तिथे उठून गॅलरीत गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

याला एक कारण देतात ते नोव्हेंबर २००७ला सुरू झालेल्या लेखकांच्या संपाचं. चौथा सीझन त्याने मधोमध तुटला. पूर्वार्ध जून २००८ला संपला, उत्तरार्ध जानेवारी २००९ला आला. मला हे कारण अपुरं वाटतं. उत्तरार्धातलेच बंडाचे दोन भाग इतके घट्ट लिहिलेले आहेत की हात थकले होते असं म्हणवत नाही. सायलॉनांकडे ‘एक योजना आहे’ असं पहिल्या सीझनांच्या श्रेयनामावलीत लिहून यायचं, ती योजना लेखकांकडेच नव्हती.

एक्स्पान्सकडे ती होती, कारण पाठीशी कादंबऱ्या होत्या. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा यांच्यातल्या संघर्षाची ही गोष्ट. तिचं दुखणं वेगळं. कादंबऱ्या नऊ, मालिका सहावीपाशी थांबते. २०१८मध्ये मूळ वाहिनीने तीन सीझननंतर ती बंद केली, तेव्हा चाहत्यांनी अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक बांधलेलं विमान फिरवलं. अॅमेझॉनने ती उचलली खरी, पण शेवटचा सीझन जेमतेम सहा भागांचा. त्यातही लॅकोनिया ग्रहावरच्या लहान बहीणभावाची नवीच गोष्ट सुरू केली आणि तशीच सोडून दिली. मुख्य युद्ध मात्र नीट मिटतं, आणि नायक होल्डन, एका जहाजाचा कप्तान, शेवटी जो निर्णय घेतो तो त्याला शोभतो. ताटावरून अर्धपोटी उठल्यासारखं होतं, पण वाढलेलं काही नासकं नव्हतं.

विज्ञानाच्या बाजूने तर एक्स्पान्सला तोड नाही. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतली व्याख्यानं ऐकायला जाणाऱ्यांनी ती बघायलाच हवी. जहाज अर्धा प्रवास वेग वाढवत जातं, मग उलटं फिरून उरलेला अर्धा वेग कमी करत जातं. दूरच्या माणसाशी बोलायचं तर प्रकाशाला लागेल तेवढा वेळ थांबावं लागतं. लघुग्रहांच्या पट्ट्यातली माणसं बोलताना मानेऐवजी हातांनी खुणा करतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या अवकाशपोशाखात काम करताना मान हललेली कुणाला दिसत नाही. आणि आपल्याला विशेष जवळची वाटेल ती अवासराला: संयुक्त राष्ट्रांच्या राजकारणात मुरलेली, साडी नेसणारी, कुणाचीही भीड न ठेवणारी बाई. तिच्या तोंडी शिव्या भरपूर आहेत, आईबाबांसोबत बघणार असाल तर हेडफोन लावा. अर्थात गॅलॅक्टिकातही काही भाग, विशेषतः दुसऱ्या सीझनमध्ये ‘पेगासस’ जहाज येतं तो, घरच्यांसमोर बघवत नाहीत.

ज्याला जगाची घडण, डावपेच, भौतिकशास्त्र आवडतं आणि अर्ध्यावर सुटलेल्या धाग्याचा फार त्रास होत नाही, त्याने एक्स्पान्स घ्यावी. पहिले चार भाग मात्र नेटाने काढावे लागतील, नावं आणि पक्ष डोक्यात बसायला वेळ लागतो. बसमधल्या त्या मुलीला मात्र मी गॅलॅक्टिका सांगितली. एक्स्पान्समधली माणसं मला आवडतात, पण अडामा आणि रोझलिन यांची मला काळजी वाटायची, कामावर असतानाही. सोळा वर्षांहून जास्त काळ झाला, तो शेवट मी माफ केलेला नाही, आणि ‘३३’ आजही दर वर्षी एकदा बघतो.

एक उपाय सांगतो. शेवटच्या भागात अडामा टेकडीवर रोझलिनच्या थडग्यापाशी बसून घराबद्दल बोलतो. त्यानंतर पडद्यावर ‘दीड लाख वर्षांनंतर’ अशा अर्थाची ओळ येते. टीव्ही तिथे बंद करा. आणि सुरुवात थेट ‘३३’पासून करू नका. २००३ची लघुमालिका बऱ्याचदा वेगळी ठेवलेली असते, ती आधी शोधून बघा.