प्रदर्शनात एक, खोक्यात दुसरंच

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना मायसाठी काहीतरी कामाचं न्यायचं, हे मी पाडव्यापासूनच ठरवलं होतं. माय अमळनेरला एकटी राहते. दोन्ही गुडघे गेलेत, वाकून केर काढला की संध्याकाळी पाय सुजतात. आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहीत आहेच. दुपारी वारं सुटलं की काळ्या रानातली माती उडून सरळ घरात येते. सकाळी झाडलेल्या फरशीवर चारच्या चहाला पावलांचे ठसे उमटलेले असतात. त्यात गल्लीत दोघं जण गाद्या-उशांचं काम करतात, त्यांच्या कापसाचे तंतू कोपऱ्याकोपऱ्यात गोळा होतात. बाई लावली की ती चार दिवस येते आणि आठ दिवस दांडी मारते. म्हणून झाडणारा रोबो घ्यायचं मनात होतं.

आखाजीच्या आठवडाभर आधी जळगावात गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. गुरुवार ते रविवार, चारच दिवस. मी रविवारी संध्याकाळी शाळेच्या पेपरांमधून वेळ काढून गेले. एका स्टॉलवर चार बाय चार फुटांची लाकडी चौकट केली होती. खाली काळा चकचकीत सनमायका, त्यावर रवा आणि साबुदाणा पसरलेला. त्यात एक पांढरं गोल मशीन फिरत होतं. त्याच्या डोक्यावर डबीएवढा घुमट होता आणि तो गरगर फिरत होता. विक्रेत्याने मोबाइलवर चौकटीचा नकाशा उमटताना दाखवला. बोटभर जाडीची पट्टी आडवी ठेवली, मशीन तीही चढून गेलं. काम संपल्यावर आपसूक चार्जिंगच्या डॉकवर जाऊन बसलं. मी डोळ्यांनी पाहिलं, शेजारच्या पाच-सात बायकांनीही पाहिलं. त्या मशीनमध्ये खोट काहीच नव्हती, हे मी आजही सांगते. खोट होती ती टेबलाखाली रचलेल्या खोक्यांत.

खोक्यावर तोच फोटो होता. २४,९९९ खोडून प्रदर्शनाचा भाव ८,५०० लावलेला. एवढं स्वस्त कसं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, डॉक कंपनीकडून वेगळा येतो, आठ दिवसांत कुरियरने घरपोच. तोवर केबलने चार्ज करा. म्हणून तर हा भाव." उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "सील तोडलं की वॉरंटी जाते. सणाला आईसमोरच फोडा, त्यांनाही बरं वाटेल." मला ते पटलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. मी क्यूआर कोड स्कॅन केला. पडद्यावर दुकानाचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. तेव्हा खटकलं होतं, पण मागे गर्दी होती आणि मी पैसे पाठवले. बिल म्हणून हाती पडली ती कच्ची पावती, वर फक्त 'एस्टिमेट' छापलेली. जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, एक मोबाइल नंबर तेवढा होता.

डॉकची ती आठ दिवसांची मुदत नीट लक्षात घ्या. सगळी फसवणूक तिच्यावरच उभी होती. वस्तू अपुरी आहे हे विक्रेत्याने आधीच सांगून टाकलेलं, त्यामुळे माणूस आठ दिवस तक्रारच करत नाही. तोवर प्रदर्शन उठलेलं असतं.

आखाजीच्या सकाळी घागर पुजून झाली, नैवेद्य दाखवला, आणि भाच्याने खोकं फोडलं. आत तोच पांढरा रंग आणि तोच घुमट. मी बोट लावलं तर घुमट हलेना. चिकटवलेली प्लॅस्टिकची वाटी होती ती. खऱ्या मशीनमध्ये त्या घुमटात लेझर फिरतो, भिंती आणि खुर्च्या किती लांब आहेत ते मोजतो आणि त्यावरून नकाशा होतो. त्यालाच लायडर म्हणतात. आमचं मशीन सुरू केलं तर सरळ जाऊन कपाटावर आपटलं, वळलं, पलंगाच्या पायावर आपटलं. बाजूचे दोन ब्रश केर आत घ्यायच्या ऐवजी भिंतीकडे भिरकावत होते. चटईच्या दशा त्यात गुंतल्या, त्या कात्रीने कापून काढाव्या लागल्या. बाराव्या मिनिटाला ते खोलीच्या मधोमध बंद पडलं. माय खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "हाई बी मनागतच दमी जास वं." म्हणजे, हेही माझ्यासारखंच दमतं गं. तिने माझा हात धरला आणि आमरस वाढायला उठली. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

दुपारी भाच्याने स्क्रू काढून तळ उघडला. खोक्यावर ५२०० एमएएच छापलेलं होतं. आतल्या सेलवर १२०० एमएएच, ३.७ व्होल्ट. हे आकडे मी तेव्हा पहिल्यांदा समजून घेतले. नुसतं एमएएच (मिलिअँपिअर-तास) बघून काही कळत नाही, त्याला व्होल्टने गुणून हजाराने भागावं लागतं, तेव्हा बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॅट-तासांत कळतं. चांगल्या मशीनमध्ये चार सेल एकापुढे एक जोडून १४.४ व्होल्टची बॅटरी असते. ५२०० एमएएचची तशी बॅटरी म्हणजे सुमारे ७५ वॅट-तास. आमच्या सेलमध्ये साडेचारसुद्धा नव्हते. म्हणजे जवळपास सतरापट कमी.

पास्कलचंही तसंच. मशीन किती जोराने ओढतं, तो दाब पास्कलमध्ये सांगतात. खोक्यावर ठळक अक्षरांत '४००० पास्कल' लिहिलेलं. आकडा मोठा वाटतो, पण हवेचा नेहमीचा दाबच १ लाख पास्कलच्या वर असतो, आणि वायरवाल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरची ओढ २० हजारांच्या आसपास जाते. खरा रोबोसुद्धा रोजची धूळ रोज उचलून घर राखतो, दिवाळीची साफसफाई करत नाही. शिवाय तो आकडा घरी मोजून बघायची सोय आपल्याकडे नसते, त्यामुळे खोक्यावर कोणी काहीही छापतं. रवा आणि साबुदाणा जड आणि मोकळे असतात, गुळगुळीत सनमायक्यावरून कुठलंही यंत्र ते ओढून घेईल. शहाबादी फरशीच्या सांध्यात बसलेली माती आणि कापसाचा तंतू ही खरी परीक्षा.

मी जळगावची. सोनं घेताना हॉलमार्क बघितल्याशिवाय पुढचं बोलत नाही. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, सक्तीचा आहे, तो मी सराफाच्या दुकानातच बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहते. त्याच ॲपमध्ये चार्जरवरचा नोंदणीचा आर-नंबर तपासता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. अडॅप्टरवर बीआयएसची खूण, 'आर' हे अक्षर आणि पुढे आठ आकडे असायला हवेत. आमच्या खोक्यात अडॅप्टरच नव्हता, नुसती यूएसबीची वायर. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर यातली फक्त किंमत होती, तीही चिकटवलेली. हे सगळं खोकं न फोडता, स्टॉलवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत दिसलं असतं.

सोमवारी पावतीवरच्या नंबरवर फोन लावला, तो बंद. प्रदर्शन भरवणाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "आम्ही फक्त जागा भाड्याने देतो." मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतच तक्रार नोंदवली. त्यांनी क्रमांक दिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, विक्रेत्याचा पत्ता काय? माझ्याकडे तो नव्हता. पोलिस ठाण्यात अर्ज दिला. ज्याला आपण चारशेवीस म्हणतो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे. अर्जासोबत यूपीआयच्या व्यवहाराचा तपशील जोडला, कारण त्या माणसाचा माग लागेल असं तेवढंच माझ्या हाती होतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार केली, त्यात प्रदर्शन भरवणाऱ्यालाही पक्षकार केलं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील लावावाच लागतो असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत असते. साडेआठ हजारांसाठी कुठे धावायचं, असं मला घरातल्यांनीही म्हटलं. पण त्या चौकटीभोवती माझ्यासारख्या किती बाया उभ्या होत्या ते मी पाहिलंय. प्रत्येकीने असंच म्हटलं, तर तोच स्टॉल पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात लागेल.

पंधरा दिवसांनी मैत्रिणीच्या फ्लॅटवर खरं मशीन चालताना पाहिलं. तिने ते पक्क्या बिलावर बावीस हजारांना घेतलंय. भिंतीच्या कडेने एक फेरी, मग नांगराच्या तासांसारख्या सरळ ओळी. ते बघताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मायच्या घरी खोल्याखोल्यांना दोन-दोन इंचांचे उंबरठे आहेत. हे मशीन दोनेक सेंटिमीटरच चढतं. म्हणजे मला अस्सल मशीन मिळालं असतं तरी ते मायच्या एकाच खोलीत फिरलं असतं. ज्यांना घ्यायचंय त्यांनी आधी पट्टी घेऊन उंबरठा मोजा, पलंगाखाली मशीन घुमटासकट जाईल एवढी जागा आहे का ते बघा, मग दुकानात जा. आणि जे खोकं घरी नेणार तेच समोर उघडून जमिनीवर चालवून मागा. सील तोडू देत नसतील तर पैसे देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

मायसाठी आता उभ्याने ओढायचा लांब दांड्याचा झाडू आणि पोछा घेतलाय, अमळनेरच्याच दुकानातून, पक्क्या बिलावर. खोकं, वायर आणि ती एस्टिमेटची पावती मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर ठेवली आहे. आयोगात तारीख लागली की घेऊन जायची आहे. त्या प्रदर्शनातून आणखी कोणी असंच मशीन घेतलं असेल तर खोकं टाकून देऊ नका, पावती जपून ठेवा आणि तुमचीही तक्रार नोंदवा.